गैरसमज कोणाचा?

साथीच्या रोगाविषयी समाजात पसरलेल्या खुळ्या समजुतींची यादी करणे फारसे अवघड नसते. ती यादी कोणी केली आणि कोणत्या अधिकाराने केली, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. १८९६ साली मुंबईत उद्भवलेल्या प्लेगाचा इतिहास तो प्रश्न टाळू देत नाही.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात रोगाचे निदान केले. पाठोपाठ सक्ती आली. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि घरझडत्या सुरू झाल्या. रुग्णाची रवानगी इस्पितळात, त्याच्या आप्तांची छावणीत. सामानाची होळी, भिंतींना चुना, मोऱ्यांत कार्बोलिक ॲसिड. लोकांमधून वावड्या उठल्या त्याही तितक्याच उग्र होत्या. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढतात. राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले म्हणून राणीने प्रजेची काळजे मागवली आहेत. १८९६च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला, त्यामागे हीच धास्ती होती. राज्यकर्त्यांनी तिला अज्ञान म्हटले आणि विषय संपवला.

पण अज्ञान एकाच बाजूस होते काय? प्लेगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येरसँने शोधला होता. तो माणसाच्या शरीरात कसा शिरतो, हे मात्र मुंबईच्या साथीच्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. घाण, ओल, दूषित जमीन यांतून रोग उठतो, या समजुतीवर घरे धुतली गेली आणि जाळली गेली. उलट, घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे, हे सामान्य माणसाला कळत होते. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरी गावांना तर हे ज्ञान कितीतरी आधीपासूनचे. पोल लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८च्या जूनमध्ये कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक आहे, असे दाखवले. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने ते मानले नाही. पुढे १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने सिमोंचे म्हणणे सिद्ध केले. दरम्यानच्या वर्षांत ज्या समजुतीपायी असंख्य कुटुंबांची फाटाफूट झाली, तिला कोणी गैरसमज म्हटले नाही. सत्तेच्या हातात असलेल्या चुकीला सिद्धान्त म्हणण्याची रीत जुनीच आहे.

याचा अर्थ लोकांचे सारेच खरे होते, असा नव्हे. घर सोडणे शहाणपणाचे होते. पण सोडताना बांधलेल्या बोचक्यांतून पिसवा नव्या गावी गेल्या. मोमियाईची कथा तर निखालस खोटीच. तरीही खोटेपणाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. प्लेगाविषयीचे विधान म्हणून ती कथा निरर्थक आहे. ज्या इस्पितळात गेलेल्या माणसाचे शेवटचे दर्शनही घरच्यांना अनेकदा घडत नसे, त्या इस्पितळाविषयीची साक्ष म्हणून ती निरर्थक नाही. न जाणणे हा स्वतःत अपराध नसतो; परंतु जो दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आत सक्तीने पाऊल टाकतो, त्याच्यावर आपले ज्ञान पुन्हापुन्हा तपासण्याची जबाबदारी इतरांहून अधिक येते. पुण्यातल्या बंदोबस्ताने ती ओळखली नाही. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगानेच गेल्या. रुग्णाला दवाखान्यात नेण्याची ही दुसरी रीत.

विश्वास एकदा गेला की खऱ्या उपायालाही त्याची किंमत मोजावी लागते. हाफकिन यांनी १८९७च्या जानेवारीत आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल येथे लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष बाटलीत शिरलेल्या संसर्गाचा होता. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो दूर व्हायला १९०७ साल उजाडले. लसीला भिणाऱ्याला या घटनेनंतर निव्वळ अडाणी कसे म्हणावे?

ज्ञानाचा अभाव हेच भयाचे मूळ असते, तर १९९४च्या सप्टेंबरात सुरतेत निराळे घडायला हवे होते. तोवर रोगाचा जंतू, त्याचा वाहक, त्यावरचे औषध सारे पाठ्यपुस्तकांत आले होते. तरी लाखो माणसे दिवसांत शहर सोडून गेली आणि दूर दिल्लीतल्या दुकानांतूनही टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. पळणाऱ्यांत रोजंदारीवरचे मजूर होते, तसेच कित्येक खासगी डॉक्टरही होते. दवाखान्यांना कुलपे लावून गेलेल्या त्या डॉक्टरांना प्लेगाविषयी कोणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती.