पुढारपण मोजायचे कशावर?

सार्वजनिक कामाची ओढ असलेल्या, उद्या समाजाचे नेतृत्व करू शकतील अशा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी, ही कल्पना आता आपल्याकडे चांगली रुळली आहे. अशा अर्जात गुणपत्रिकेखालोखाल एक प्रश्न हमखास असतो : आजवर कोणती पदे भूषवलीत, कोणत्या उपक्रमांचे नेतृत्व केलेत? मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला हा रकाना पुरत नाही. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातील तलवाड्याच्या विद्यार्थिनीला तो कोरा सोडावासा वाटतो. दोघांच्या कर्तृत्वात खरोखर एवढी तफावत असते का? मला तसे वाटत नाही. खोट प्रश्नातच आहे. आपण नेतृत्व पदावरून मोजतो, कामावरून मोजत नाही. शिकणाऱ्याला पैसा कशासाठी द्यायचा, या विचाराचा महाराष्ट्रातला प्रवास पाहिला तर ही मोजपट्टी किती तोकडी आहे ते कळते.

पेशवाईत पुण्याला श्रावणात दक्षिणा वाटली जाई, ती शास्त्री-पंडितांना. विद्या आणि जात एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या विद्येचा रयतेला काय उपयोग, हे कोणी विचारत नसे. 1818 नंतर इंग्रजांनी ही प्रथा छाटून चालू ठेवली आणि तिच्या पैशातून 1821 साली पुण्यात पाठशाळा काढली. पुढे 1849 साली लोकहितवादींसारख्या सुधारकांनी मागणी केली की या निधीतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातन्यांनी बराच गदारोळ केला, पण दक्षिणेची बक्षिसे सुरू झाली. समाजाच्या पैशातून शिकणाऱ्याने समाजाला काय दिले, हा प्रश्न त्या वादातून पुढे आला आणि तो पुन्हा मागे गेला नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रश्नाला अटींचे रूप आले. 1906 साली सावरकर विलायतेला गेले ते श्यामजी कृष्णवर्मांच्या वर्तुळातून जाहीर झालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर, टिळकांच्या शिफारशीने. इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही, ही त्या शिष्यवृत्तीची अट. 1913 साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या मदतीवर. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी असा करार. एकीकडे नोकरी करू नकोस, दुसरीकडे नोकरी केलीच पाहिजेस. अटी उलट्या, पण दोन्ही दात्यांचा समज एकच की परतफेड करारात बांधता येते. प्रत्यक्षात काय घडले? 1917 साली बाबासाहेब बडोद्यात रुजू झाले. अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीतही अवहेलना झाली, आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावे लागले. करार मोडला. तरीही त्या पैशाची जेवढी परतफेड या देशाला मिळाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शिष्यवृत्तीची मिळाली असेल. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मदत मिळाली तेव्हा बाबासाहेबांच्या नावावर सार्वजनिक नेतृत्वाचे कोणतेही पद नव्हते. होती ती पदवी, वाचनाचा ध्यास आणि केळुसकर गुरुजींसारख्या जाणत्या माणसाची शिफारस. त्याच सुमारास ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती नेतृत्वगुण शोधत होती. पण त्या शोधात स्त्रिया 1977 पर्यंत बसतच नव्हत्या. नेतृत्वाची मोजपट्टी मोजणाऱ्याच्या नजरेपलीकडचे पाहत नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा शोधायला नको.

दरम्यान कर्मवीर भाऊराव पाटलांनी वेगळी वाट काढली होती. 1919 साली सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेत आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, राबून शिकत. तिथे तयार पुढारी निवडायचे नव्हते, घडवायचे होते. 1944 साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली आणि शिक्षणाची मदत ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे तत्त्व राज्यव्यवहारात उतरले. नेतृत्वाच्या शिष्यवृत्तीने या हक्काच्या शिष्यवृत्तीची जागा घेता कामा नये. ती वरची भर असावी.

आता तलवाड्याकडे येऊ. त्वरितादेवीच्या या गावातल्या मुलीने पद आणायचे कुठून? महाविद्यालयीन निवडणुकांचे मैदान राज्यात नव्वदच्या दशकातच बंद झाले. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमण्याची पद्धत आणली. वादसभा आणि युवा संसदा बहुतेक शहरात भरतात. शिवाय बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या काळात मागे राहिलेली शिकती मुलगी म्हातारी माणसे आणि धाकटी भावंडे सांभाळते. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब वहीत मांडून किती फिटली, किती उरली हे ती कुटुंबाला सांगते. शेजाऱ्यांचे पीकविम्याचे अर्ज भरते, रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी करून तारखेची पोच मागून घेते. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न उठवून तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही हे पाहते. ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्यासाठी सत्तेशी बोलणे, हे नागरी नेतृत्व नाही तर दुसरे काय? पण ही मुलगी अर्जात लिहिते, ‘नेतृत्वाचा अनुभव नाही.’

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, पदाचा दाखला तपासता येतो, असले काम तपासायचे कसे? शेवटी आमदाराचे शिफारसपत्र लागेल आणि शिष्यवृत्ती कार्यकर्त्यांच्या मुलांत वाटली जाईल. भीती खरी आहे. म्हणून पुढाऱ्याचे पत्र अपात्र ठरवावे आणि पोचपावती, इतिवृत्ताची नक्कल, ज्याचे काम झाले त्याचे दोन शब्द एवढेच पुरावे मागावेत. पदाच्या प्रमाणपत्रापेक्षा हे कागद बनावट तयार करणे अवघड आहे. दुसरा आक्षेप असा की सेवेला पैशाचे आमिष लावले की सेवेचा देखावा होतो. झाडे लावतानाचे फोटो आपण पुष्कळ पाहिले आहेत. पण देखावा एका दिवसाच्या कार्यक्रमात होतो. वर्षभर चाललेल्या, कंटाळवाण्या पाठपुराव्याचा देखावा परवडत नाही. तेव्हा एका कामाचा वर्षभराचा माग विचारावा. तिसरा आक्षेप सर्वांत जुना : शिकलेली मुले गावात परततच नाहीत, मग गावाला काय मिळाले? त्याचे उत्तर बडोद्याच्या कराराने देऊन ठेवले आहे. परतफेड ठरल्या जागी आणि ठरल्या रूपात येतेच असे नाही, म्हणून गावी परतण्याचा करार लिहून घेण्यापेक्षा माणूस नीट पारखावा.

शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी अर्जातला एकच प्रश्न बदलला तरी पुष्कळ साधेल. ‘कोणते पद भूषवले?’ याऐवजी ‘कोणाचे कोणते अडलेले काम तुम्ही मार्गी लावले आणि कसे?’ असे विचारावे, आणि उत्तर मराठीत लिहायची मोकळीक द्यावी. तो बदल होईपर्यंत तलवाड्यासारख्या गावांतल्या मुलामुलींनी तो रकाना कोरा सोडू नये. केलेले काम नाव, तारीख आणि कागदासह सरळ लिहावे.