अवमूल्यन आणि असत्य
चलनाचा विनिमयदर उतरविणे हा अर्थशास्त्राचा प्रश्न खरा. परंतु तत्पूर्वी द्यावा लागणारा नकार आम्हांस नीतिशास्त्राचा वाटतो. १९४९ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स अवमूल्यन होणार नाही, असे वारंवार सांगत होते. १८ सप्टेंबरला पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणल्याची घोषणा झाली. पौंडाशी बांधलेला आपला रुपयाही पाठोपाठ उतरला. सुमारे ३ रुपये ५ आण्यांचा डॉलर ४ रुपये १२ आण्यांचा झाला.

क्रिप्स तर मोठे धर्मनिष्ठ गृहस्थ! पण होकार देते, तर परदेशी व्यापाऱ्यांनी पौंडांतील देणी लांबवून गंगाजळी आटविली असती. मौन पाळते, तरी तोच अर्थ निघता. (मौनाचा हा गुण आम्हां वकिलांस चांगला परिचित आहे.) धर्मराजाचा रथ भूमीस टेकला, तसा यांचाही टेकला, एवढे म्हणून मोकळे होणे सोपे आहे.

परंतु समजा, आपल्याकडील एखाद्या व्यापाऱ्याने त्या शब्दावर विसंबून अमेरिकी यंत्राचे १,००० डॉलर देणे महिनाभर लांबविले. त्याला ३,३१० ऐवजी ४,७६० रुपये मोजावे लागले. ज्याने शब्द खोटा मानून घाई केली, तो वाचला. राष्ट्रहिताच्या असत्याचा भार नेमक्या विश्वासू माणसाने का वाहावा? असा वादी आला, तर वकीलपत्र आम्ही आनंदाने घेऊ. दावा मात्र टिकणार नाही.