दोन समित्या

महापालिकेपुढे गाऱ्हाणं मांडणं म्हणजे भांडखोरपणा, असं आपल्यातल्या पुष्कळ जणी मानतात. ‘कशाला उगीच वाईटपणा घ्यायचा?’ म्हणून गप्प बसतात. पण याला मौन म्हणता येईल का? मौन स्वतःच्या जिभेला वळण लावण्यासाठी असतं. शेजारणीची घागर रिकामी दिसत असताना गप्प राहणं ही आपली सोय झाली.

आमच्या बेळगावचंच बघा. राकसकोप-हिडकलचं पाणी सगळ्या गावाचं. पण २००८ मध्ये काही वॉर्डांत नळाला चोवीस तास पाणी आलं आणि बाकीच्या बायका वर्षानुवर्षं पिंपं भरून ठेवत राहिल्या. अशा गावात बैठक भरली की एक म्हणते, ‘आमच्याकडे दाब कमी,’ दुसरी म्हणते, ‘आमच्याकडे पाणीच नाही!’ दोघीही खरंच बोलतात. प्रवचनात ऐकलेला अनेकांतवाद आपल्याला कितपत कळला, ते इथे दिसतं.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी वॉर्ड समित्या सांगितल्या. आपल्या धर्मात भाषासमिती आधीपासून आहेच : बोलावं ते तोलून, हिताचं, मोजकं. या दोन समित्यांची गाठ घालून द्यायला हवी. तक्रार जरूर करावी, स्वतःच्या नावानं करावी. फक्त आधी मनाला विचारावं, जिच्या वाट्याचं पाणी यामुळे कमी होईल, तिच्यासमोर मला हे बोलता येईल का? येत असेल तर खुशाल उठून बोलावं. नसेल, तर मागणीतलं जास्तीचं आधी काढून टाकावं. अपरिग्रह काही कपाटातल्या साड्यांपुरताच नसतो.