पाण्यांतील काठी

हदगांवाहून उमरखेडास जातांना पैनगंगा ओलांडावी लागते. पावसाळा सरून पाणी निवळलें, म्हणजे तिच्या कांठीं उभ्या राहणाऱ्यास एक जुनें कोडें पुन्हां भेटतें. सरळ काठी पाण्यांत तिरपी धरावी, तों ती पृष्ठभागाशींच मोडल्यासारखी दिसते. बाहेर काढावी, तों पुन्हां सरळ. येथें खोटें कोण बोललें? काठी, पाणी, कीं डोळा?

पदार्थविज्ञानाचें उत्तर असें कीं, कोणीच नाहीं. निर्वात प्रदेशांत प्रकाश सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतो. पाण्यांत त्याचा वेग सव्वादोन लक्षांवर येतो. वेग बदलल्यामुळें तिरपा किरण सीमेवर वळतो. या वळणाचा नियम इब्न सह्ल या बगदादच्या पंडितास इ. स. ९८४ च्या सुमारासच गवसला होता. यूरोपांत तो स्नेलनें १६२१ मध्यें शोधला व देकार्तनें १६३७ मध्यें प्रसिद्ध केला. जुने ग्रंथकार यास वक्रीभवन म्हणत, आजचीं पाठ्यपुस्तकें अपवर्तन म्हणतात. किरण नियमानेंच वळतो आणि डोळा जसा किरण येईल तसा कळवितो. ‘किरण सरळच आला असला पाहिजे’, ही भर मात्र आमच्या बुद्धीची.

वेदान्तांत भ्रम दोन प्रकारचा मानिला आहे. दोरीवर साप भासला, तर दिवा आणतांच साप नाहींसा होतो. हा निरुपाधिक भ्रम. स्फटिकाशेजारीं जास्वंदीचें फूल ठेविलें, तर स्फटिक निर्मळ आहे हें पक्कें ठाऊक असूनहि तो तांबडाच दिसत राहतो, हा सोपाधिक. आमची काठी या दुसऱ्या जातीची. नियम तोंडपाठ असलेल्या पंडितासहि ती वांकडीच दिसते. मग जो भ्रम ज्ञानानेंहि जात नाहीं, त्याची जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांत भेटला नाहीं. अध्यापनाच्या आरंभींच्या वर्षांत एका विद्यार्थ्यास आम्हीं मंद ठरविलें. त्याची वाणी खेडवळ होती, इंग्रजी अडखळत होती. तें अडखळणें आम्हांस विचाराचेंच वाटलें. पुढें त्याची मराठींत लिहिलेली वही हातीं आली, आणि उथळ भासलेल्या त्या पाण्याची खोली कळली. तोंवर गुण देऊन झाले होते. तो आमच्याच तालुक्यांतला होता. जी बोली टाकून आम्ही विद्वान् झालों, तीच तो बोलत होता. त्यानंतर कित्येक वर्षें लोटलीं. तरी अडखळती इंग्रजी कानीं पडली, कीं मन पहिल्या क्षणीं अद्यापि तोच निकाल देतें.

आम्ही पक्षपात करीत नाहीं, असें म्हणून येथें सुटका होत नाहीं. पाण्यांत अगदीं लंबरेषेंत पाहिलें, तर दिशा चुकत नाहीं; परंतु चार हातांवरचा तळ तरीहि तीनच हातांवर दिसतो. सरळ पाहणाराहि खोलीस चुकतोच.

बरें, माध्यमच नको म्हणावें, तर पाहणेंच खुंटतें. बुबुळावरचा पारदर्शक पडदा व त्यामागचें भिंग किरणांस वळवितात, म्हणूनच डोळ्यांत चित्र उमटतें; चाळिशी लागली, कीं आणखी एक कांच वळण देते. भाषा, शिक्षण, कुळाचे संस्कार हींहि अशींच माध्यमें. त्यांवांचून माणसास माणूस दिसणार नाहीं, आणि त्यांतून तो जसाच्या तसाहि दिसणार नाहीं.

उथळ पाण्यांत भाल्यानें मासा टिपणाऱ्यानें स्नेलचें नांव ऐकलेलें नसतें. तरी तो मासा दिसतो तेथें नेम धरीत नाहीं. थोडा खालीं धरतो. त्याचा डोळा आमच्याइतकाच फसतो, हात फसत नाहीं. काठी वांकडी दिसणें हा दोष नव्हे. ती वांकडी दिसणार हें ठाऊक असून नेम न बदलणें, हा दोष. त्या वहीनंतर आम्हीं एक नेम केला आहे: तोंडी परीक्षेच्या वेळीं मनानें दिलेला पहिला निकाल कागदावर उतरवावयाचा नाहीं, एक प्रश्न मराठींत विचारावयाचा, आणि मग लेखणी उचलावयाची.