वेदना, विक्षेप आणि तितिक्षा

सिकल सेल या रक्तविकाराचे नाव मध्य भारतातील गृहस्थांना आता अपरिचित राहिलेले नाही. जबलपूर येथे आदिवासी आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था १९८४ पासून कार्य करीत आहे, आणि तिच्या अभ्यासविषयांत या विकाराला मोठे स्थान आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथे त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियानाचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचा त्यात संकल्प आहे. मंडला-दिंडोरीकडील गोंड कुटुंबांत हा विकार आढळतो, तसाच तो विदर्भातील अनेक जातीजमातींच्या घरांतही आढळतो. आईबापांकडून वारशाने येणाऱ्या या व्याधीत रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग जेथे रक्त पोचत नाही तेथे, हातापायांच्या हाडांत, पाठीत, कधी छातीत, असह्य कळा उठतात. थंडी, तहान, ताप, अतिश्रम यांच्या निमित्ताने हा झटका येतो. कधी तो काही तासांत ओसरतो, कधी कित्येक दिवस ठाण मांडतो.

जबलपुरातील एखाद्या मराठी घरात पौषातल्या थंडीच्या रात्री असा झटका आला आहे, अशी कल्पना करावी. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून खाटेवर बसला आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन झाली आहे, गुडघ्यांशी गरम पाण्याची पिशवी आहे, आणि हातात मोबाइल आहे. पडद्यावर मोटारी धावत आहेत, मुलाची बोटे झरझर चालली आहेत, कपाळावर मात्र घाम आहे. वडील म्हणतात, "दुखतंय म्हणतोस, आणि खेळ कसा सुचतो तुला?" आजी म्हणते, "बाळा, ते ठेव बाजूला. रामाचं नाव घे." दोघांच्याही बोलण्यात माया आहे. तथापि दोघांच्याही बोलण्याने मुलगा अपराधी ठरतो. वडिलांच्या दृष्टीने खोटेपणाचा आणि आजीच्या दृष्टीने दुर्बलतेचा. हा अपराध खरोखर घडला आहे काय?

वडिलांचा आक्षेप प्रथम घेऊ. जो खेळू शकतो त्याला फारसे दुखत नसले पाहिजे, असे त्यांचे अनुमान आहे. या अनुमानातील हेतू सदोष आहे. न्यायदर्शनात मन अणुपरिमाण मानले आहे. एका क्षणी ते एकाच इंद्रियाशी संयुक्त होते, म्हणून दोन ज्ञाने एकाच वेळी उत्पन्न होत नाहीत. गौतममुनींनी तर हेच मनाच्या अस्तित्वाचे लिंग म्हणून सांगितले. बृहदारण्यक उपनिषदातही मन दुसरीकडे गेलेल्याला समोरचे दिसत नाही व ऐकू येत नाही, या सर्वांच्या अनुभवाचा आधार घेतला आहे. आपल्या घरोघरी हे शास्त्र न वाचताही ठाऊक होते. पहाटे जात्यावर बसणारी स्त्री ओव्या गात असे, ती काही हात भरून येत नव्हते म्हणून नव्हे. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याच्या पायाला फोड येतात आणि टाळांच्या ठेक्यावर तो ते फोड घेऊनच चालतो. मुक्कामी टाळ खाली ठेवला की पाऊल टेकवत नाही. टाळ वाजवत होता तेव्हा त्याला फोड नव्हता, असे कोणी म्हणेल काय?

आधुनिक वैद्यकाने याच गोष्टीची वेगळ्या मार्गाने परीक्षा केली आहे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जाताना वाटेत जणू एक दार लागते, आणि ते किती उघडावे हे काही अंशी मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञाही ठरवितात. त्यांच्या मांडणीतील तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली. अमेरिकेतील सिएटल नगरात भाजलेल्या रोग्यांवर उपचार करणारे मोठे रुग्णालय आहे. भाजलेल्या जखमेची पट्टी बदलणे हा रोग्याला नरकयातनांचाच प्रसंग असतो. तेथे १९९० नंतरच्या दशकात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रोग्यांच्या डोळ्यांवर एक यंत्र बसवून त्यांना एका खेळात नेले. त्या खेळात रोगी बर्फाच्छादित दरीतून पुढे सरकतो आणि बर्फाच्या बाहुल्यांवर बर्फाचे गोळे फेकतो. त्या वेळी पट्टी बदलली असता रोग्यांनी वेदना पुष्कळ कमी झाल्याचे सांगितले. हे केवळ रोग्याचे शब्द असतील, अशी शंका उरू नये म्हणून पुढे निरोगी माणसांना नियंत्रित रीतीने चटका देऊन मेंदूची चित्रे घेण्यात आली. खेळ चालू असताना वेदनेशी संबंध असलेल्या भागांतील हालचाल उणावलेली दिसली. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. २०१२ साली जर्मनीतील हॅम्बुर्गच्या संशोधकांनी आणखी एक पायरी खाली जाऊन पाहिले. स्मरणशक्तीला ताण देणाऱ्या कामात मन गुंतले असता वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच क्षीण होतो, असे त्यांना आढळले. शरीर स्वतःच निर्माण करीत असलेल्या अफूसदृश द्रव्यांना रोखणारे औषध दिले तेव्हा मात्र हा लाभ काही अंशी नाहीसा झाला. म्हणजे मन गुंतविणारा रोगी सोंग करीत नाही. तो आपल्याच देहातील औषध मागवून घेतो. मुलाच्या हातातील खेळ हा वेदना नसल्याचा पुरावा नव्हे. ती किती अनावर आहे याचाच तो बहुधा पुरावा असतो.

आजीचा आक्षेप याहून गंभीर आहे, कारण तिच्या पाठीशी शास्त्र असल्यासारखे दिसते. पतंजलींनी योगाचे जे अंतराय मोजले त्यांत पहिलेच नाव व्याधीचे आहे, आणि त्या सर्वांना त्यांनी चित्ताचे विक्षेप म्हटले आहे. विक्षेप म्हणजे चित्त इकडेतिकडे फेकले जाणे. मग व्याधीने आधीच विक्षिप्त झालेल्या चित्ताला खेळाने आणखी विक्षेप का द्यावा? येथे संस्कृताच्या अभ्यासकाला सुश्रुतसंहितेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. व्रण झालेल्या रोग्याची व्यवस्था कशी ठेवावी हे सांगताना सुश्रुताचार्य म्हणतात की, त्याच्याजवळ गोड बोलणारे, धीर देणारे सुहृद असावेत, आणि त्यांनी कथा सांगून व्रणाच्या वेदना दूर साराव्यात. या दूर सारण्यासाठी त्यांनी जे क्रियापद योजले आहे ते याच धातूचे, 'वि' उपसर्गासह क्षिप्. एका शास्त्रात जो विक्षेप दोष ठरला, तोच दुसऱ्यात उपचार ठरला आहे. चरकसंहितेतही रुग्णालयाच्या सामग्रीत गाणारे, वाजविणारे, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे सांगण्यात निपुण अशी माणसे गणली आहेत. तीही औषधांच्या व भांड्यांच्या यादीतच.

यात विरोध नाही, अधिकारभेद आहे. योगशास्त्र समाधीसाठी आसनस्थ झालेल्याशी बोलते, वैद्यकशास्त्र अंथरुणाला खिळलेल्याशी बोलते. खेळाने मिळणारा विसावा हा योग नव्हे, हे आजीचे म्हणणे अगदी खरे आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात दुःखसंयोगाच्या वियोगाला योग म्हटले आहे. खेळ थांबताच कळ परत येते, म्हणून तो वियोग नव्हे. पण ताप उतरविणाऱ्या काढ्याला तरी मोक्षसाधन कोण म्हणतो? औषधाकडून औषधाचेच काम अपेक्षावे.

मग तितिक्षेचे काय? दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात शीतोष्ण व सुखदुःखे देणारे विषयस्पर्श येतात आणि जातात, ते सोसावेत, असा उपदेश आहे. हा उपदेश कोणाला आहे हे पाहणे अवश्य आहे. भगवंत अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या सुखदुःखाविषयी सांगत आहेत. दुसऱ्याचे दुःख पाहून त्याला सोसायला सांगण्याचा परवाना ते अर्जुनाला देत नाहीत. दुसऱ्याच्या दुःखाविषयीचा श्लोक निराळा आहे. तो सहाव्या अध्यायातील बत्तिसावा. जो स्वतःच्या उपमेने सर्वत्र सुख आणि दुःख पाहतो तो परम योगी होय, असा त्याचा आशय आहे. गृहस्थाच्या घरात पुष्कळदा या दोन श्लोकांची अदलाबदल होते. आपल्याला दाढ दुखू लागली की दुसऱ्यांची सहानुभूती हवीशी वाटते, आणि दुसऱ्याची दाढ दुखू लागली की तितिक्षा आठवते.

महाभारतात याचे फार मोठे उदाहरण आहे. भीष्म शरशय्येवर पडले तेव्हा बाण काढण्यात कुशल असे वैद्य आणले गेले होते. पितामहांनी त्यांचा धनाने सत्कार करून त्यांना परत पाठविले. ही तितिक्षा त्यांची स्वतःची होती, ती त्यांनी स्वतः निवडली. पुढे शांतिपर्वात श्रीकृष्ण त्यांना युधिष्ठिराला धर्म सांगण्याची विनंती करतात. तेव्हा हेच भीष्म म्हणतात की, बाणांच्या पीडेने माझे मन व्यथित आहे, अंगे गळाली आहेत, बुद्धी स्वच्छ नाही आणि वाणी उमटत नाही. ज्यांनी कुरुक्षेत्रावर अर्जुनाला तितिक्षा सांगितली, त्यांनी या वेळी भीष्मांना तो श्लोक ऐकविला नाही. ग्लानी, मूर्च्छा, दाह, पीडा, भूक, तहान यांपैकी काहीही तुम्हाला बाधणार नाही, असा वर त्यांनी आधी दिला. वेदना दूर झाली आणि मग धर्म बोलला गेला. आजन्म ब्रह्मचारी, इच्छामरणी भीष्मांना जी सवलत मिळाली ती सोळा वर्षांच्या मुलाला नाकारणे कठीण आहे.

म्हणून आजीने नाम सोडावे असे नाही. आर्त मनुष्याची भक्ती भगवंतांनी सातव्या अध्यायात उदार शब्दांनी गौरविली आहे. पण नाम घे असे दुरून सांगणे वेगळे, आणि त्याचे पाय मांडीवर घेऊन हळू आवाजात रामरक्षा म्हणत बसणे वेगळे. मुलाची बोटे खेळात असतील, कान मोकळे आहेत. सुश्रुताचार्यांनी नुसती कथा सांगितली नव्हती, कथा सांगणारे सुहृद सांगितले होते. मोबाइलमध्ये कथा आहे, सुहृद नाही. मुलाच्या हाती तो देऊन घर झोपी जात असेल, तर उणीव खेळात नसून शेजारच्या रिकाम्या जागेत आहे.

खेळाच्या मर्यादाही आहेत, आणि त्या बऱ्याच कडक आहेत. तहान हे या व्याधीचे एक निमित्त आहे. खेळाच्या भरात जो पाणी प्यायचे विसरतो तो पुढच्या झटक्याला निमंत्रण देतो. ताप चढला, छातीत दुखू लागले, धाप लागली, तर खेळही नको आणि कथाही नको, तत्काळ रुग्णालय गाठावे. कळ ओसरल्यावरही खेळ सुटत नसेल तर तो औषध राहिला नाही. आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असे जे राजस सुख अठराव्या अध्यायात वर्णिले आहे, त्याचे हे ताजे रूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत, स्वतःवरचा ताबा सुटून चालणाऱ्या अशा खेळाला विकार म्हणून स्थान दिले आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर तर आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. ते खेळ द्यूतच होत. वेदनेचे निमित्त सांगून त्यांना घरात प्रवेश देऊ नये.

पण घरातील वडीलधारी माणसे बहुधा येथवर पोचतच नाहीत. मुलगा काय खेळतो हे ठाऊक नसताच ती निषेध करतात. वनपर्वात द्यूतात सर्वस्व हरलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की, माझ्याहून दुःखी असा राजा कोणी झाला आहे काय? ऋषी त्याला नलाची कथा सांगतात. फाशांनीच रसातळाला गेलेल्या राजाची कथा, फाशांनीच रसातळाला गेलेल्या राजाला. ती दीर्घ कथा ऐकताना त्याच्या शोकाला काही काळ तरी विसावा मिळतो. कथा संपते तेव्हा बृहदश्व फासे निषिद्ध म्हणून निघून जात नाहीत. ते युधिष्ठिराला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, शिकवितात. जबलपूरच्या त्या घरात वडिलांना अजून हे शिकायचे आहे. मुलाला बरे वाटू लागले की खाटेच्या कडेला बसून त्याला विचारता येईल की, ही मोटार वळवायची कशी, आणि हा खेळ संपतो तरी कुठे.