कर्म आणि फळ यांमधला काळ

कर्म आत्ता होते आणि फळ पुढे केव्हातरी मिळते. मधल्या काळात त्या दोघांना जोडून ठेवणारे काय असते, हा वेदांतल्या यज्ञविधींचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनाचा एक मूळ प्रश्न आहे. यज्ञ काही तासांत किंवा काही दिवसांत आटोपतो, अग्नी विझतो, ऋत्विज दक्षिणा घेऊन निघून जातात. स्वर्ग मात्र यजमानाच्या मृत्यूनंतरचा. जे कर्म उरलेलेच नाही, ते फळ कसे देणार? सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामपुढे हाच प्रश्न अगदी ठोस रूपात येतो आणि तिथे तो अनुत्तरित ठेवून चालत नाही.

मुंबईत १९७३ साली सुरू झालेल्या अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रापासून मालाड-पवईपर्यंतच्या कचेऱ्यांत ज्या प्रकारचे प्रोग्राम लिहिले जातात, त्यांतला एक नेहमीचा प्रसंग असा. ग्राहकाने व्हिडिओ पाठवला आणि त्याचा आकार कमी करून हवा आहे. हे काम सर्व्हरचा मुख्य प्रोग्राम स्वतः करत नाही. तो एफएफएमपेगसारखा दुसरा प्रोग्राम सुरू करतो. सुरू करणारी ती पेरेंट प्रोसेस आणि सुरू झालेली ती चाइल्ड प्रोसेस. २००९ साली रायन डाल यांनी तयार केलेल्या नोड जेएसमध्ये जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालते. चाइल्डचे काम संपेपर्यंत पेरेंट खोळंबून बसला, तर बाकीचे सगळे ग्राहकही खोळंबतात. म्हणून पेरेंट काम सोपवतो आणि लगेच पुढच्या कामाला लागतो. सोपवताना त्याच्या हाती एक वस्तू राहते, तिला प्रॉमिस म्हणतात. प्रॉमिस म्हणजे निकाल नव्हे, चाललेले कामही नव्हे; अजून न आलेल्या निकालाची जागा तेवढी ते धरून ठेवते. आधी ते प्रलंबित असते. मग एकतर पूर्ण होते, नाहीतर नाकारले जाते. एकदा यांतले काहीही झाले की ते पुन्हा बदलत नाही. ही कल्पना नोडच्या बरीच आधीची आहे: डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी ती १९७६ साली मांडली आणि जावास्क्रिप्टच्या प्रमाणित रूपात ती २०१५ साली आली.

मीमांसकांनी मधल्या काळासाठी जे तत्त्व मानले त्याला अपूर्व म्हणतात. जैमिनींच्या मीमांसासूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या शबरस्वामींचा युक्तिवाद सरळ आहे. वेद फळ सांगतो, कर्म तर नष्ट झालेले दिसते. म्हणून कर्मातून काहीतरी उपजून फळ येईपर्यंत टिकत असले पाहिजे. हे टिकते कुठे, यावर पुढे मतभेद झाले. कुमारिल भट्टांच्या मते अपूर्व ही यजमानाच्या आत्म्यात राहणारी योग्यता आहे. प्रभाकरांनी त्याचा संबंध विधीच्या आज्ञेशी, जे करायचे म्हणून सांगितले आहे त्या कार्याशी जोडला. प्रॉमिसची रचना कुमारिलांच्या मताला फार जवळची आहे. एफएफएमपेगला प्रॉमिसचा पत्ताही नसतो. प्रॉमिस पेरेंटच्या स्मृतीत, म्हणजे कर्त्याच्या ठिकाणी असते. यज्ञात अपूर्व शोधू नये, यजमानात शोधावे, हे कुमारिलांचे म्हणणे इथे शब्दशः खरे ठरते.

साम्य एवढ्यावर संपत नाही. दर्शपूर्णमास या यज्ञात मुख्य याग सहा: तीन पौर्णिमेला, तीन पंधरवड्यानंतर अमावास्येला. प्रत्येक यागाचे वेगळे अपूर्व, तीन-तीन यागांचे मिळून एकेक समुदायापूर्व आणि त्या दोहोंतून शेवटी फळ देणारे परमापूर्व, अशी मांडणी मीमांसकांनी केली. अनेक चाइल्ड प्रोसेस एकाच वेळी सुरू करून त्यांच्या सगळ्या प्रॉमिसांचे एक मोठे प्रॉमिस बांधतात, ते नेमके याच आकाराचे असते. त्यातही दोन रीती आहेत. एका रीतीत एक जरी अंग फसले तरी सगळे नाकारले जाते. दुसऱ्या रीतीत प्रत्येकाचे काय झाले ते नोंदवून पुढे जायचे. जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात हाच भेद कर्मांबाबत येतो: काम्य कर्म सर्व अंगांसह झाले तरच फळते, नित्य कर्म मात्र शक्य तेवढ्या अंगांनी केले तरी चालते. कोणत्या कामाला कोणती रीत लावायची, हे काम कशासाठी केले यावरून ठरते. नुसते तंत्र पाहून ते ठरवता येत नाही. मीमांसकांनी हे फार स्वच्छ ओळखले होते.

अपूर्वावरचा सर्वांत बळकट आक्षेप शंकराचार्यांचा आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात अखेरीस फळाचा विचार येतो. तिथे जैमिनींचे मत धर्म फळ देतो असे, तर सूत्रकार बादरायणांचे मत ईश्वर फळ देतो असे नोंदवले आहे. भाष्यात शंकराचार्य विचारतात की अपूर्व जड आहे; चेतनाने प्रवृत्त केल्याशिवाय ते स्वतः फळ कसे देईल? प्रॉमिसबाबत ही शंका अगदी रास्त आहे, कारण प्रॉमिस स्वतः काहीच करत नाही. चाइल्ड संपल्याचे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला कळते. कर्नल पेरेंटला सिग्नल देतो, नोडचा इव्हेंट लूप तो टिपतो आणि मग प्रॉमिसचा निकाल लागतो. कर्नल नसता तर प्रॉमिस कायम प्रलंबितच राहिले असते. मात्र यावरून बादरायणांचा पक्ष सिद्ध होतो असे म्हणणे घाईचे ठरेल. कर्नलही चेतन नाही. तो निकालाची निवड करत नाही, आलेला निकाल पोहोचवतो. फळ पोहोचवणारा आणि फळ ठरवणारा असे दोन वेगळे असू शकतात, ही शक्यता या उदाहरणातून पुढे येते. ईश्वर कर्माची अपेक्षा ठेवूनच फळ देतो, म्हणून त्याच्याकडे पक्षपाताचा दोष येत नाही, असे शंकराचार्य स्वतः सांगतात. त्यामुळे दोन्ही पक्षांतले अंतर दिसते तेवढे मोठे नाही.

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाकाची चर्चा करताना ज्याचे फळ सुरू झाले आहे ते आणि ज्याचे सुरू व्हायचे आहे ते, असा वेदान्तसूत्रांतला भेद महत्त्वाचा मानला. प्रोग्राम लिहिणाऱ्या नवशिक्यांची मोठी गफलत याच भेदाबाबत होते. प्रॉमिस हाती आले याचा अर्थ चाइल्ड प्रोसेस सुरू झालेली आहे. त्याची वाट पाहायला सुरुवात केली म्हणजे काम सुरू होते, असे नाही. वाट पाहणे सोडले म्हणून ते थांबतही नाही. थांबवायचे तर चाइल्डला वेगळा सिग्नल पाठवावा लागतो. प्रॉमिस विसरणे आणि काम रद्द करणे या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

गीतेतला फलत्याग म्हणजे कर्म करून निकालाकडे पाठ फिरवणे, असा सोपा अर्थ पुष्कळदा काढला जातो. ही रीत टिकत नाही, हे सर्व्हरवर लगेच दिसते. चाइल्डचे आउटपुट पाइपमधून येते आणि लिनक्सवर त्या पाइपची क्षमता साधारण ६४ किलोबाइट असते. पेरेंटने ते वाचलेच नाही तर पाइप भरतो आणि चाइल्ड जागच्या जागी अडून राहते. फळाकडे न पाहिल्यामुळे कर्मच खुंटते. अपयशाचेही तसेच. चाइल्डने शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड दिला, तर दुसरा प्रोग्राम चालवणाऱ्या नोडच्या ‘एक्झेक’ फंक्शनच्या प्रॉमिस रूपात ते प्रॉमिस नाकारले जाते. त्या नकाराची दखल घेणारे कोणी नसेल, तर २०२० साली आलेल्या नोडच्या १५ व्या आवृत्तीपासून संपूर्ण प्रोग्रामच बंद पडतो. त्याआधी नुसती ताकीद छापली जाई. हा बदल कडक असला तरी योग्य होता. फळाची आसक्ती सोडणे आणि फळाची जबाबदारी टाकणे यांत भेद आहे. टिळकांच्या कर्मयोगाचा सगळा जोर पहिल्यावर आहे, दुसऱ्याला त्यात थारा नाही.

लोकधर्मात हाच मधला काळ नवसाने भरलेला असतो. अंधेरी पश्चिमेच्या आझादनगरचा ‘अंधेरीचा राजा’ हा सार्वजनिक गणपती १९६६ साली गोल्डन टोबॅको, टाटा स्पेशल स्टील आणि एक्सेल इंडस्ट्रीज या कंपन्यांच्या कामगारांनी सुरू केला. मंडळाच्या परंपरेनुसार १९७० च्या दशकात गोल्डन टोबॅकोतला तंटा लांबला, तेव्हा कामगारांनी नवस बोलला की तो मिटला तर विसर्जन संकष्टीला करू. तंटा मिटला. तेव्हापासून अनंत चतुर्दशीला सगळीकडच्या मूर्ती निघतात, पण हा गणपती आणखी काही दिवस राहून संकष्टीला वेसाव्याच्या किनाऱ्याकडे निघतो.

वरवर पाहता नवस हेच प्रॉमिस वाटेल, पण तसे नाही. देवाने वचन दिलेले नसते. इच्छा पूर्ण होईल की नाही हे अनिश्चितच राहते, आणि ती झाली तर काय करायचे हे भक्त आधी ठरवून ठेवतो. प्रोग्रामच्या भाषेत नवस म्हणजे प्रॉमिसला जोडलेले ‘देन’: पूर्ण झाल्यावर करायचे काम, आधीच नोंदवलेले. नकाराची शाखा त्यात नसते. तंटा मिटला नसता तर कामगारांवर कोणतेही ऋण आले नसते आणि देवाविरुद्ध तक्रारही उभी राहिली नसती. यंत्रात ही उणीव घातक आहे. भक्तीत मात्र ती उणीव नव्हे, कारण भक्ताचा देवाशी असलेला संबंध त्या एका निकालावर उभा नसतो.

दुसरा फरक अधिक खोल आहे. प्रॉमिसचा निकाल एकदाच लागतो आणि त्याला जोडलेले काम एकदाच होते. आझादनगरचा नवस एकदा पावला, पण तो दर वर्षी फेडला जातो. बोलणारे कामगार केव्हाच निवृत्त झाले, तरी तो फेडणारे आहेत. पेरेंट प्रोसेस मेली की तिच्या स्मृतीतली सगळी प्रॉमिसे तिच्याबरोबर जातात. चाइल्ड बहुधा चालूच राहते, पोरकी होते आणि युनिक्समध्ये पहिल्या क्रमांकाची प्रोसेस तिला पदरात घेते. ती संपल्यावर तिची नोंद ही नवी पालक प्रोसेस पुसते. पण मूळ पेरेंटने तिच्याकडून काय अपेक्षिले होते, हे या नव्या पालक प्रोसेसला ठाऊक नसते. पुढची सगळी कृती तिथेच हरवते.

धर्मशास्त्राने माणसांच्या बाबतीत याच्या उलट नियम केला. लुप्त झालेल्या कात्यायनस्मृतीतली व्यवहारविषयक वचने भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी ठिकठिकाणच्या निबंधग्रंथांतून गोळा करून १९३३ साली मुंबईत प्रसिद्ध केली. त्यांत असा निर्णय आहे की धर्मासाठी देऊ केलेले दान न देताच दाता मेला, तर ते त्याच्या मुलाकडून देववावे; मग दात्याने ते धडधाकट असताना बोललेले असो वा आजारपणात. इथे वचन कर्त्याच्या ठिकाणी राहते हे मान्य आहे, पण कर्ता म्हणजे एकटा देह नव्हे असे धरले आहे. कुमारिलांच्या अपूर्वाला टिकण्यासाठी अविनाशी आत्मा लागतो, कात्यायनाच्या वचनाला पुढची पिढी लागते. सर्व्हरवर दोन्ही नाहीत. म्हणून ज्या कामाचे फळ बुडून चालणार नाही, त्याची नोंद पेरेंटच्या स्मृतीत न ठेवता आधी डिस्कवर किंवा डेटाबेसमध्ये करतात. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की तो ती नोंद वाचतो आणि अर्धवट राहिलेले काम परत हाती घेतो.