टाकून दिलेले मासे

शास्त्रपाठ : मत्तय १३:४७–५०, अनुवाद २२:६–७



आम्ही इंदूरकर समुद्रापासून दूर. आमच्याकडे कोळंबी येते ती बर्फाच्या पेटीतून, निवडलेली. म्हणून जाळ्याचा दाखला वाचताना लक्ष भांड्यांत भरलेल्या चांगल्या माशांकडे जाते; फेकलेल्यांचे काय, हा प्रश्न सहसा निघत नाही.

प्रभूने सांगितलेले जाळे किनाऱ्यावर ओढीत, आणि कोळी बसून निवड करीत. ह्या ‘बसून’ शब्दाकडे रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी मुलांचे लक्ष वेधावे. ते घाईचे काम नव्हते. वाईट कोणते हेही मनास येईल तसे ठरत नसे. ज्यास पंख व खवले नाहीत तो मासा नियमशास्त्राने निषिद्ध होता (लेवीय ११:९–१२). मागुराच्या जातीचा तसा मासा गालीलाच्या सरोवरात आजही आहे.

आता मुंबईच्या ससून डॉकहून किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून निघणारा ट्रॉलर घ्या. त्याचे जाळे समुद्राच्या तळाशी काही तास ओढले जाते. हवी असते कोळंबी. परंतु तिच्यासोबत खेकडे, लहान बोंबील, बोटभर पापलेटेही येतात. ओढ बसली की तिरप्या आसाचे जाळे मिटते आणि पिल्लांना निसटावयास वाट उरत नाही. (कांद्याची जाळीदार पिशवी ताणून वर्गात हे दाखविता येईल.) वर येईपर्यंत बहुतेक मेलेली असतात. पूर्वी ती पुष्कळशी समुद्रातच टाकीत. आता बराच भाग भुकटीच्या कारखान्यांस विकला जातो, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. मग वाया कोठे गेले, असे कोणी म्हणेल. पण ज्या पापलेटाने एकदाही अंडी घातली नाहीत, त्याचा वंश तेथेच खुंटला. जगभरात समुद्रात टाकून दिले जाणारे मासे वर्षाला सुमारे ९१ लाख टन, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. त्यांतील जवळजवळ निम्मे तळाच्या ट्रॉलिंगमधले.

येथे ‘वाईट’ म्हणजे ज्यास गिऱ्हाईक नाही ते. दाखल्यातली निवड देवदूतांच्या हाती आहे. माणसाने ती बाजारभावाच्या हाती दिली.

घरट्याविषयीची आज्ञा पाहा. पक्षीण पिल्लांसह सापडली तर दोन्ही घेऊ नयेत, आईला सोडून द्यावे. देव अन्न घेण्यास मना करीत नाही, पुढचे बी राखावयास सांगतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. चौकोनी आसाचे जाळे ताणले तरी उघडे राहते व पिल्ले निसटतात, पण त्याबरोबर विकाऊ मासळीही थोडी निसटते. डिझेलची उधारी डोक्यावर असलेल्या नाखव्यास हे जड जाते. त्याला एकट्याला दोषी धरणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. पेत्रही रात्रभर कष्ट करून रिकाम्या हाती परतला होता.

शिवाय लहान पापलेट स्वस्त म्हणून घेणारे घर असते, तेव्हाच ते विकले जाते. मासळीवाल्याकडे पंजाहून लहान पापलेटे दिसली, तर याहून मोठी कधी येतील एवढे तरी त्याला विचारावे.